चांगल्या सवयी संक्रांतीपर्यंतच टिकतात? मग या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी एक जानेवारीला मी फ्रीजवर एक कागद चिकटवला होता. पाचला उठणे, कोमट पाणी, योगा, डायरी, दहा पानं वाचन, दहा हजार पावलं, साखर बंद. सात गोष्टी, सगळ्या एकाच दिवशी सुरू. पाचव्या दिवशी योगा गेला, आठव्या दिवशी डायरी गेली, आणि चौदा तारखेला तिळगुळाने साखरेचा पण निकाल लावला. कागद मात्र गणेश चवथीपर्यंत होता तिथेच होता, बायको म्हणायची की या घरात नियमित एवढा तो कागदच आहे.

तेव्हा वाटलं आपल्यातच दम नाही. आता बऱ्याच चुका करून झाल्यावर वाटतं की दमाचा प्रश्नच नव्हता, सवय चुकीच्या जागी लावली होती. पंखा फिरेना झाला तर आपण पंख्याला आळशी म्हणत नाही ना, आधी बटण बघतो, मग रेग्युलेटर, मग कपॅसिटर गेला का बघतो. तसंच बघूया.

पहाटे पाचचं खूळ

सगळे व्हिडिओवाले पाचला उठायला सांगतात. मी गोव्यात फोंड्याला राहतो, नोकरी पणजीला, पावणेआठची बस धरायची असते, त्यामुळे कागदावर पाच अगदी फिट बसत होते. पण रात्री जेवणं होऊन सगळं आवरून पाठ टेकायला साडेअकरा व्हायचे, मग पाच-साडेपाच तास झोपून उठलेला मी काय करायचो तर सोप्यावर बसून पेंगायचो आणि ऑफिसात बारा वाजल्यापासून कुणी काही विचारलं की खेकसायचो. आनंदी राहायला म्हणून उठलेला माणूस अख्ख्या ऑफिसात सगळ्यात वैतागलेला! मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागतेच, ती कापून जी सवय आणाल त्या सवयीला झोपच परत खाऊन टाकते.

माझा मावसभाऊ वेर्ण्याला एका औषध कंपनीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते. त्याच्यासाठी पाच म्हणजे कधी पहाट तर कधी शिफ्ट संपत आल्याची वेळ, त्याला घड्याळाचा काय उपयोग? त्याने साधं केलं, कामावरून येऊन बूट काढले की पहिल्यांदा झाडांना पाणी, मग अंघोळ, जेवण, आणि मोबाईल त्याच्यानंतर. शिफ्ट कुठलीही असो, बूट तर काढावेच लागतात. कधी कधी रात्री बाराला जास्वंदीला पाणी घालत असतो, शेजारी हसतात, हसूदेत. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये हेच मांडलं होतं, की "मी व्यायाम करणार" असं नुसतं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवलं तर ते हातून घडण्याची शक्यता बरीच वाढते.

मी माझी सवय पोदेराच्या (पाववाल्याच्या) भोंप्याला बांधली. आमच्या वाड्यावर सव्वासहाच्या आसपास पोदेर येतो, सायकलचा पोंप-पोंप कानावर आला की पिशवी घेऊन बाहेर, चार उंडे, दोन पोळ्या (आपली चपाती नव्हे, त्याची ती कोंड्याची), आणि लगेच घरात न शिरता वाड्याच्या टोकापर्यंत एक फेरी. मोबाईल घरीच. अलार्म नाही, अॅप नाही. पावसात तो उशिरा आला तर फेरी उशिरा, आणि आलाच नाही तर मला पण सुट्टी. ही एकच गोष्ट आता दीड वर्ष चाललीय, त्या कागदावरच्या साताचं तर काय झालं ते सांगितलंच.

तर तुमच्याकडे रोज न चुकता होणारं असं काय आहे ते शोधा. कुकरची शिट्टी, मुलाची स्कूल बस, फेरीबोटीची वाट बघायची ती दहा मिनिटं. त्याला एकच गोष्ट बांधा, आणि ती इतकी छोटी ठेवा की ताप आलेला असताना पण होईल.

२१ दिवस झाले तरी अंगवळणी पडत नाही?

पडणार पण नाही. हा २१ चा आकडा मुळात एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनचा, १९६० सालचा. त्याचं निरीक्षण असं की ऑपरेशननंतर पेशंटला स्वतःच्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं "कमीत कमी" गळलं आणि नाकाच्या ऑपरेशनचा हिशोब आपण सूर्यनमस्कारांना लावत बसलो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ लोकांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला, त्यात सवय आपोआप व्हायला सरासरी ६६ दिवस असं निघालं, आणि माणसामाणसात फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. जेवणाबरोबर पाणी प्यायची सवय लवकर लागते, व्यायामाची हळू.

पण त्या अभ्यासातली मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकला तर विशेष काही बिघडत नाही. आपलं नेमकं उलटं असतं, चवथीला पाच दिवस घर भरलेलं, माटोळी बांधायची, आरत्या, नेवऱ्या, फिरणं-बिरणं सगळं बंद, आणि सहाव्या दिवशी आपण म्हणतो आता तुटलंच आहे तर दिवाळीपासून करूया. मग दिवाळीला म्हणतो नवीन वर्षापासून. चूक त्या पाच दिवसांत नाहीये, सहाव्या दिवशी आहे. मी आता सणावारांचं आधीच ठरवून ठेवतो, चवथीत फेरी नाही, फक्त पोदेरापर्यंत जायचं आणि यायचं. तेवढं झालं की झालं.

डिसेंबरात लावलेली सवय जूनमध्ये वाहून जाते

ही खास आपल्याकडची चूक, यावर कुणी बोलत नाही. बाकीचे सल्ले जिथून येतात तिथे वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडत नाही ना. डिसेंबर-जानेवारीची हवा बघून आपण मिरामारच्या किनाऱ्यावर रोज चालायचं ठरवतो, एप्रिलात घामाने जीव जातो, आणि जूनमध्ये छत्री उलटी झाली की विषय संपला. चालण्याची सवय लावताना पावसाळ्याची जागा पण त्याच दिवशी ठरवा. आमच्या इथे काही म्हातारे पावसात देवळाच्या अग्रशाळेच्या (धर्मशाळेच्या) पडवीत फेऱ्या मारतात, आधी मला गंमत वाटायची, गेल्या जुलैपासून मी पण त्यांच्यात आहे.

आणि ते दहा हजार पावलांचं टेन्शन सोडा. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आलाय, डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. अमेरिकेत वयस्क बायकांवर केलेल्या २०१९ च्या एका अभ्यासात दिवसाला ४४०० पावलांपासूनच मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं, आणि साडेसात हजाराच्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. मी आता पणजी स्टँडवर उतरून पायलट (मोटरसायकल टॅक्सी) करत नाही, पाटोचा पूल चालत ओलांडतो, बस.

ऑफिस सुटतं पण डोकं ऑफिसातच राहतं

याचं कारण मला खूप उशिरा कळलं. सोफी लरॉय या संशोधिकेचं २००९ चं काम आहे, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तर लक्षाचा एक भाग मागच्या कामातच अडकून राहतो. मी पाच पंचवीसपर्यंत एक्सेल शीटमध्ये डोकं घालून पाच तीसला पळत बस धरायचो, मग बाणस्तारीपर्यंत मनात तीच शीट, घरी पोरगी शाळेतलं काहीतरी सांगतेय आणि मी हूं हूं करतोय. आता निघायच्या आधी पाच मिनिटं थांबून एका चिठ्ठीवर एक ओळ लिहितो, "उद्या तिसऱ्या शीटपासून, डीलरला फोन". चिठ्ठी कीबोर्डखाली. एवढ्याशा गोष्टीने माझी संध्याकाळ परत मिळाली असं म्हटलं तर अतिशयोक्ती वाटेल, पण पोरीला फरक कळला, तिने विचारलं पण.

डबा टेबलावर स्क्रीनसमोर खाऊ नका, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी पाळत नाही, मी पण आठवड्यातून दोनदा मोडतो.

मोबाईल उशाशी घेऊन झोपायचं असेल तर बाकी कुठली सवय लावायच्या भानगडीत पडूच नका, सकाळी डोळे उघडायच्या आधी गुड मॉर्निंगचे चाळीस गुलाब आणि एका तरी साहेबाचा मेसेज बघून उठलेल्या माणसाचा दिवस त्याच्या हातात राहत नाही. चार्जर स्वयंपाकघरात. अलार्मचं कारण सांगत असाल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात साधं घड्याळ मिळतं.

सोमवार जड जातो? रविवार तपासा

रविवारी नुस्त्याचं हुमण (माशांची आमटी), शीत म्हणजे भात, सोबत तळलेला बांगडा, आणि मग पाच वाजेपर्यंत झोप. मग सहाला कडक चहा. मग रात्री एक वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं आणि सोमवारी म्हणायचं की नोकरी बदलायला पाहिजे! नोकरी वाईट असेलही, पण आधी चहा बघा. कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे सहाच्या चहातलं निम्मं अकराला अजून अंगात असतं. दुपारी झोप येणं चुकीचं नाही, ती फक्त हुमणामुळे येत नाही, शरीराच्या घड्याळातच दुपारी एक उतार असतो. आपल्याकडे दुकानं एक ते तीन-साडेतीन बंद असतात त्याला बाहेरचे लोक हसतात, मला ते शहाणपणाचंच वाटतं. ते आपल्याला सुशेगाद म्हणतात, पण हा शब्द पोर्तुगीज सोसेगादोवरून आला, त्याचा अर्थ शांत, निवांत, आळशी नव्हे. फक्त झोप वीस मिनिटांची घ्या. तासभर झोपून गाढ झोपेतून उठलं की डोकं जड होतं आणि आपण दोष हवेला देतो.

आभाराची वही

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा म्हणतात. मी लिहिल्या. दोन आठवड्यांत माझ्या वहीत "आज लाईट गेली नाही" यायला लागलं, नंतर तेच तीन दिवस सलग. चूक रोजची आहे. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तसा झाला नाही, कारण रोजचं केलं की ते शाळेच्या शुद्धलेखनासारखं होतं. मी वही सोडली, शुक्रवारी परतीच्या बसमध्ये एका माणसाला फोन करतो आणि कशाबद्दल तरी बरं वाटलं ते सांगतो. पहिल्यांदा मामांना केला तर ते म्हणाले, "काय रे बाबा, पैसे पाहिजेत काय?"

एक गोष्ट मात्र यात मिसळू नका. दोन आठवडे सलग मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर ते सवयीचं काम नाही, डॉक्टरचं आहे. बांबोळीला मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्था आहे, आणि टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे. लाजायचं काही कारण नाही.

सगळं एकट्याने करायचं

माझ्या फ्रीजवरच्या सात गोष्टींमध्ये दुसरं माणूस कुठेच नव्हतं, हे मला वर्षभराने दिसलं. हार्वर्डचा एक अभ्यास १९३८ पासून चालू आहे, तीच माणसं, मग त्यांची मुलं, आणि त्याचा आजवरचा मुख्य निष्कर्ष हाच, की जवळची नाती चांगली असलेली माणसं जास्त सुखी आणि जास्त धडधाकट राहतात. आपल्याकडे याची सोय गावातच आहे, भजन आहे, शिगमा आहे, जत्रेचं नाटक आहे, फक्त आपण ते सुखाच्या खात्यात धरत नाही, वेळ खाणारं धरतो.

गेल्या वर्षी मला जत्रेच्या नाटकात ओढलं. अभिनय येत नाही म्हणून प्रॉम्प्टर केलं. महिनाभर रात्री साडेनऊ ते बारा तालीम, म्हणजे वर मी झोपेबद्दल जे काही शिकवलं ते सगळं धाब्यावर, सकाळी पोदेराचा भोंपू शत्रूसारखा वाटायचा, आणि तरी तो महिना माझा वर्षातला सगळ्यात चांगला गेला. याचं गणित मला मांडता येत नाही, मांडत पण नाही. यंदाच्या तालमी सोमवारपासून सुरू झाल्यात, आमचा नायक दुसऱ्या अंकात त्याच वाक्याला रोज अडखळतो, आणि कुणीतरी मिरची भजी आणणार आहे म्हणे, सव्वानऊ वाजले, निघतो मी.