पणजोबांचे पदक: ओळख आणि जतन

सातारा-रत्नागिरीकडील अनेक घरांत पहिल्या महायुद्धाचे (१९१४–१८) पदक जुन्या ट्रंकेत सापडते. ते चिंचेने घासून लखलखीत करण्याचा मोह आधी आवरावा, कारण त्याच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत उमटवलेली असते व प्रत्येक घासणीबरोबर ती झिजतात. तिरप्या उजेडात भिंगाने वाचून ती लगेच टिपून घ्यावीत. ११७वी मराठा पलटण आढळल्यास शोध मेसोपोटेमियाकडे (आजच्या इराककडे), तिथल्या कूत शहराच्या वेढ्याकडे वळतो. पदक घराबाहेर गेले असल्यास हाच क्रमांक लिलावांच्या सूचींत शोधावा. चांदी सुती हातमोज्यांनी हाताळावी आणि आम्लविरहित कागदात गुंडाळावी. रेशमी फीत मात्र धुऊ नये. नवी मिळत असली, तरी विरलेली जुनीच ठेवावी, असे माझे मत आहे.