चौदाव्या दिवसापासून पुढे : मूल गमावलेल्या आईवडिलांना आधार कसा द्यावा

मूल गेलेल्या घरात पहिले तेरा दिवस माणसांची वाण नसते. शेजारून पिठले-भात येतो, भेटायला आलेले चटईवर टेकतात आणि दोन शब्द बोलून उठतात. चौदाव्या दिवशी चटया गुंडाळल्या जातात, आणि दारातल्या छोट्या चपला व अर्धी उरलेली औषधाची बाटली यांच्यासह आईवडील एकटे राहतात. समुपदेशक असो वा नातेवाईक, ज्याला खरोखर उपयोगी पडायचे आहे त्याने आपला वेळ आणि बळ या दिवसानंतरसाठी राखून ठेवावे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

पहिल्या भेटीत काय बोलावे हे सुचत नसेल, तर तसे सांगून टाकावे. ‘वहिनी, काय बोलावे मला कळत नाही, पण मी बसते इथे’ एवढे पुरते. ‘देवाला आवडला’, ‘सुटला बिचारा’, ‘अजून वय आहे, दुसरे होईल’, ‘निदान धाकटी तरी आहे’ ही वाक्ये बोलणाऱ्याची अस्वस्थता कमी करतात, ऐकणाऱ्याची नाही. मात्र आई स्वतःच ‘देवाने नेला’ असे म्हणत असेल, तर तो तिचा आधार आहे. त्यावर वाद घालू नये. मुलाचे नाव मात्र जरूर घ्यावे. नावाने जखम उघडी पडेल या भीतीने सगळे नातेवाईक ते टाळतात, पण आईवडिलांच्या मनातून ते नाव क्षणभरही गेलेले नसते. ‘रोहनला माझ्या हातची शंकरपाळी आवडायची’ असे कुणी म्हटले, तर डोळ्यांत पाणी येईल. ते येऊ द्यावे, लगेच पाण्याचा पेला पुढे करून थांबवू नये.

वडिलांकडे बहुधा कुणी बघतच नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण त्यांच्या खांद्यावर हात ठेवून ‘आता तिला सांभाळा’ असे सांगून जातो. बालगंधर्वांनी १९११ मध्ये मुलगी गेली त्याच दिवशी तोंडाला रंग लावला, ही कथा आपण आजही कौतुकाने सांगतो. त्या कौतुकाचे ओझे आपल्याकडच्या बापांवर अजून आहे. त्यामुळे वडिलांना समोर बसवून ‘तुम्हाला कसे वाटते?’ असे विचारण्यापेक्षा त्यांच्यासोबत चालायला जावे, दुचाकीवरून एखाद्या कामाला जावे. नजरेला नजर द्यावी लागत नाही, तेव्हा पुरुष अधिक बोलतात.

पतिपत्नींचे दुःख एका लयीत चालत नाही, हे दोघांनाही आधीच सांगून ठेवावे. तो आठव्या दिवशी कामावर गेला म्हणजे त्याला काही वाटत नाही, असा अर्थ ती काढते. ती रोज फोटो घेऊन बसते म्हणजे तिला यातून बाहेर यायचेच नाही, असा अर्थ तो काढतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की शोकातला माणूस हरवलेल्या व्यक्तीकडे आणि पुढच्या रोजच्या व्यवहाराकडे आळीपाळीने वळत राहतो, आणि हे हेलकावे निकोप असतात. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले, नकारापासून स्वीकारापर्यंतचे पाच टप्पे अनेकांना ठाऊक असतात, पण ते मुळात मरणासन्न रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आले होते. आईवडील ‘कोणत्या टप्प्यावर’ आहेत हे मोजत बसू नये.

सर्वांत जास्त वेळ अपराधीपणाला द्यावा लागतो. ‘ताप आला त्या रात्रीच नेले असते तर’ हे वाक्य आई दहा वेळा, शंभर वेळा म्हणते. ‘तुमची काही चूक नाही’ असे घाईने म्हटले, की ती गप्प होते, आणि ऐकणाऱ्याला वाटते की पटले. तसे करू नये. ती रात्र तिला पूर्ण सांगू द्यावी: किती वाजता ताप मोजला, कोणते औषध दिले, कोण काय म्हणाले, दिवा कधी मालवला. सगळे सांगून झाल्यावर त्या वेळी तिला काय ठाऊक होते आणि आज काय ठाऊक आहे, हे दोन भाग तिच्यासमोर वेगळे ठेवावेत. काही आठवड्यांनी कागदपत्रे घेऊन उपचार केलेल्या डॉक्टरांची भेट ठरवून द्यावी आणि सोबत जावे. काही प्रश्नांची उत्तरे समुपदेशक देऊ शकत नाही. ती डॉक्टरांकडूनच यावी लागतात.

मृत जन्मलेल्या किंवा काही दिवसांतच गेलेल्या बाळाच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी असते. अशा बाळाला बहुतेक कुटुंबे पुरतात, दहावा-तेरावा होत नाही, आणि ‘लहानच होते’ म्हणून शोकालाही जागा उरत नाही. बाळाला जवळ घ्यायचे आहे का, फोटो किंवा पावलांचा ठसा हवा आहे का, हे दवाखान्यातच हळुवारपणे विचारावे. नको असेल तर आग्रह करू नये. दोन-चार दिवसांत आईला दूध येते, आणि याची पूर्वकल्पना तिला कुणीच दिलेली नसते. छाती घट्ट आवळून बांधू नये. नीट आधार देणारी ब्रा वापरावी, गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात, फारच ठणकले तर आराम वाटेल इतकेच दूध काढावे, आणि दूध थांबवण्याच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारावे. नोकरदार आईसाठी रजेची चौकशी नातेवाइकांनीच करावी: कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि सप्टेंबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मृतजन्म किंवा जन्मानंतर लगेच बाळ गेल्यास, काही अटींसह, ६० दिवसांची विशेष रजा मिळते.

घरातल्या दुसऱ्या मुलाला ‘दादा झोपला’ किंवा ‘गावाला गेला’ असे सांगू नये, कारण मग ते झोपायला घाबरते किंवा वाट पाहत राहते. ‘दादाचे शरीर काम करायचे थांबले, तो परत येणार नाही, आणि हे तुझ्यामुळे झालेले नाही’ असे सरळ सांगावे.

कागदोपत्री कामे दुसऱ्या कुणी उचलली तर मोठा भार हलका होतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते. पुढे शाळा, बँक, रेशनकार्ड. रेशनकार्डासाठीच्या त्या अर्जाला ‘नाव कमी करणे’ असे म्हणतात, आणि तो बापाने एकट्याने भरू नये. कपडे, दप्तर, खेळणी मात्र कुणीही परस्पर आवरू नयेत. आईला न धुतलेला सदरा तसाच हवा असेल, तर तो तसाच राहू द्यावा.

जेवण-झोप पूर्ण तुटणे, दारू वाढणे, ‘मलाही त्याच्याकडे जायचे आहे’ असे बोलणे, यांकडे दुर्लक्ष करू नये. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे स्पष्ट विचारावे. विचारल्याने ती कल्पना मनात शिरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. वर्ष उलटूनही शोकाची धार तशीच असेल आणि रोजचे जगणे ठप्प असेल, तरीही तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

भेटींच्या तारखा डायरीत लिहून ठेवाव्यात: मुलाचा वाढदिवस, दिवाळी, शाळा उघडण्याचा जूनमधला दिवस, वर्गमित्रांचा दहावीचा निकाल. त्या सकाळी फोन करावा किंवा दोन ओळी पाठवाव्यात: ‘आज रोहनचा वाढदिवस. आठवण आली. उत्तर दिले नाही तरी चालेल, संध्याकाळी मी येऊन जाईन.’ आणि संध्याकाळी जावे.