पोस्टडॉक करताना या चुका टाळा

पीएचडीचा व्हायवा झाला की पुढची वाट बहुतेकांना ठरलेलीच वाटते: दोन-तीन वर्षे पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे मुदतीचे संशोधन, आणि मग कुठेतरी सहायक प्राध्यापकाची जागा. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, पवईच्या आयआयटीत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) किंवा नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत काम करणारे अनेक तरुण संशोधक कळवा, ऐरोली, नेरूळ, कामोठे अशा ठिकाणी राहून रोज ये-जा करतात. प्रयोगाच्या बाबतीत ही मंडळी अत्यंत काटेकोर असतात. कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, नसलेला निष्कर्ष ती मान्य करणार नाहीत. स्वतःच्या नोकरीचा प्रश्न मात्र ‘पेपर येऊ दे, मग बघू’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे टांगलेला राहतो. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ त्या वाक्यात आहे.

शेवटची तारीख न ठरवणे

पोस्टडॉक हा मुदतीचा काळ आहे आणि त्याची मुदत आपण ठरवली नाही, तर नियम ठरवतात. आपल्याकडे पीएचडी पूर्ण होईपर्यंत वय साधारण २९-३० होते. तरुण संशोधकांना फेलोशिप देणाऱ्या, विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या इन्स्पायर फॅकल्टी योजनेची सर्वसाधारण वयोमर्यादा ३२ वर्षे आहे. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, म्हणजे एन-पीडीएफ, सर्वसाधारणपणे ३५ वर्षांपर्यंत मिळते. स्त्रियांना आणि राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. ही फेलोशिप २ वर्षांची असून आयुष्यात एकदाच घेता येते. याचा अर्थ असा, की पहिला पोस्टडॉक सुरू होताच इन्स्पायरचा अर्ज तयार करायला घेतला नाही, तर तो दरवाजा प्रयोगशाळेतला पहिला पेपर छापून येण्याआधीच बंद होऊ शकतो. एन-पीडीएफ पूर्वी विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) देत असे. २०२३च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये एसईआरबी विलीन झाल्यामुळे जुन्या ब्लॉगवरच्या माहितीवर विसंबू नये आणि प्रत्येक वर्षीची अधिसूचना मुळातून वाचावी.

बाहेरदेशी जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते. जर्मनीत विद्यापीठांतील मुदतीच्या नेमणुकांबाबतचा कायदा पीएचडीनंतर, वैद्यकशास्त्र वगळता, साधारण ६ वर्षांचीच मुभा देतो. तिथे चार वर्षे काढून भारतात अर्ज करायला सुरुवात करणाऱ्याला इथल्या जाहिराती, मुलाखती आणि नेमणूकपत्रे यांना लागणारा वेळ हिशेबात धरलेला नसतो, आणि तो वेळ अनेकदा वर्षाहून अधिक असतो.

आपल्या विद्यापीठांतही अधिक वर्षे म्हणजे अधिक पात्रता, असे गणित नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदाच्या शॉर्टलिस्टिंगसाठी अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला २ गुण आणि जास्तीत जास्त १० गुण ठेवले आहेत. पाच वर्षांनंतर सहावे वर्ष त्या तक्त्यात काहीही भर घालत नाही. आयआयटी आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था) यांसारख्या संस्थांमध्ये पीएचडीनंतरचा साधारण ३ वर्षांचा अनुभव ही नेहमीची अपेक्षा असते. त्यापुढे निवड समिती वर्षे मोजत नाही, स्वतंत्र संशोधनाचा विचार तपासते.

म्हणून रुजू होतानाच दोन तारखा लिहून ठेवाव्यात. एक तारीख अर्ज सुरू करण्याची, आणि दुसरी अशी, की त्या दिवसापर्यंत प्राध्यापकीचे चिन्ह दिसले नाही तर उद्योगातील अर्ज त्याच गांभीर्याने सुरू होतील. या तारखा घरच्यांनाही माहीत असाव्यात, कारण घरभाडे, मुलांची शाळा आणि आई-वडिलांचे दवाखाने यांचा निर्णय त्यांच्याशीच जोडलेला असतो.

नेट-सेटला कमी लेखणे

नेट आणि सेट या सहायक प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पात्रता परीक्षांना कमी लेखण्याची ही चूक मला सर्वांत खटकते, कारण ती सहज टाळता येण्यासारखी आहे. ज्यांनी नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळवून पीएचडी केली त्यांच्याकडे नेट असतेच. गेटच्या गुणांवर किंवा संस्थेच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षेतून पीएचडीला गेलेल्यांकडे मात्र ते बऱ्याचदा नसते, आणि ‘पीएचडी आहे, आता नेट कशाला?’ असे उत्तर मिळते. जून २०२३मध्ये यूजीसीने केलेल्या दुरुस्तीनुसार सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट हा किमान निकष ठरला. वर उल्लेख केलेल्या त्याच तक्त्यात जेआरएफसह नेटला ७, नुसत्या नेटला ५ आणि सेटला ३ गुण आहेत. महाराष्ट्रात सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिला वयोमर्यादा नाही. ठाण्यातील किंवा पनवेलमधील अनुदानित महाविद्यालयात शिकवण्याची थोडी जरी इच्छा असेल, तर पोस्टडॉकच्या पहिल्या वर्षातच ही परीक्षा देऊन टाकावी. विषयाची तयारी तेव्हा ताजी असते. पुढे संशोधनाचा विषय जसजसा अरुंद होत जातो तसतसा एमएस्सीचा अभ्यासक्रम हातातून सुटतो.

पगाराची चुकीची तुलना

जानेवारी २०२३पासून लागू झालेल्या दरांनुसार केंद्र सरकारच्या प्रकल्पांतील रिसर्च असोसिएटला (हे पोस्टडॉकचेच पद) दरमहा ५८,०००, ६१,००० किंवा ६७,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगानुसार सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. हे आकडे शेजारी ठेवून ‘प्राध्यापकीत पगार कमीच होईल’ असे म्हणणारे भेटतात. ५७,७०० हे केवळ मूळ वेतन आहे. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि दरवर्षीची वाढ मिळते. फेलोशिपची रक्कम मात्र ठरावीक राहते, तिच्यासोबत सहसा भविष्यनिर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी येत नाही, आणि घरकर्जासाठी बँकेत गेल्यावर पगाराची स्लिप व फॉर्म १६ मागितले की अडचण उभी राहते. कंपनीच्या प्रस्तावाची तुलना करतानाही वार्षिक सीटीसीचा, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाचा, आकडा न धरता हातात येणारी रक्कम विचारावी, आणि नोटीस पीरियड किती हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.

दाराशी असलेला उद्योग न पाहणे

ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर मार्गावर रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानके ज्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) औद्योगिक पट्ट्याला लागून आहेत, त्यात औषधे, रसायने, जैवतंत्रज्ञान आणि चाचणी प्रयोगशाळा यांची दाटी आहे. पलीकडे तळोजा एमआयडीसी आहे, इकडे ठाण्यात वागळे इस्टेट, आणि ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये क्लिनिकल डेटाचे काम करणारी कार्यालये आहेत. रोज या पट्ट्यातून प्रवास करणाऱ्या पोस्टडॉकला तिथे आपल्या शिक्षणाचा उपयोग काय, हे अनेकदा सांगता येत नाही. याला तो एकटा जबाबदार नाही. त्याच्या गाइडनेही बहुधा कंपनीत कधी काम केलेले नसते.

पहिली चूक रिझ्युमेत होते. प्राध्यापकीसाठी तयार केलेला दहा पानांचा सीव्ही जसाच्या तसा कंपनीला पाठवला जातो आणि त्यात सुरुवातीलाच पेपरांची यादी असते. ‘यकृताच्या पेशींतील अमुक प्रथिनाच्या कार्याचा अभ्यास’ या ओळीतून निवड करणाऱ्या व्यवस्थापकाला काही हाती लागत नाही. त्याच कामाबद्दल ‘एलसी-एमएसवर रक्तातील १२ संयुगे मोजण्याची पद्धत बसवली, तिची अचूकता आणि पुनरावृत्ती तपासली, दोन विद्यार्थ्यांना त्या यंत्रावर तयार केले’ असे लिहिले, की त्याला स्वतःच्या विभागातले काम दिसू लागते. दोन पाने पुरेशी आहेत. पेपरांपैकी तीन निवडून द्यावेत आणि उरलेल्यांसाठी ओर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक द्यावा.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि ती थोड्या वाचनाने सुटते. विद्यापीठात प्रयोगाची वही म्हणजे आपल्या आठवणीसाठीची नोंद असते. नियंत्रित उद्योगात ती पुरावा असते. कोणी, कधी, कोणत्या यंत्रावर काय केले आणि चूक दुरुस्त करताना मूळ नोंद वाचता येते का, हे तिथे तपासले जाते. एसओपी (ठरलेली कार्यपद्धती), डेव्हिएशन (तिच्यापासून झालेला फरक), कापा (CAPA, चूक सुधारण्याची व टाळण्याची कार्यवाही), ऑडिट ट्रेल (बदलांची नोंद) हे शब्द मुलाखतीत प्रथमच कानावर पडू नयेत. विश्लेषणात्मक पद्धतीच्या व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे ती विश्वासार्ह आहे हे सिद्ध करण्यासाठी, आयसीएच या औषधविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेचे क्यू२ मार्गदर्शक तत्त्व आणि क्लिनिकल अभ्यासाच्या अहवालासाठी ई३ ही दोन्ही विनामूल्य वाचता येतात. आपल्या लॅबमधली एखादी पद्धत क्यू२च्या चौकटीत स्वतः तपासून पाहिलेला उमेदवार मुलाखतीत वेगळा ओळखू येतो, कारण तो पुस्तकातले उत्तर न देता स्वतःची संख्या सांगतो.

तिसरी चूक म्हणजे घाईघाईने मिळेल ते पद स्वीकारणे. फार्माकोव्हिजिलन्समधील, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवण्याच्या कामातील, केस प्रोसेसिंगसाठी मुख्यतः बी.फार्म, एम.फार्म किंवा बीडीएस झालेल्या नव्या पदवीधरांना घेतले जाते. पाच वर्षे पोस्टडॉक केलेल्याने तिथे तळाच्या पायरीवरून सुरुवात करावी, असे मला वाटत नाही. पुढे जायला त्या अनुभवाचा उपयोग कमी होतो आणि मन लवकर उडते. मेडिकल रायटिंग, रेग्युलेटरी अफेअर्स (औषधांच्या सरकारी मंजुरीचे काम), उपकरण कंपन्यांमधील ॲप्लिकेशन सायंटिस्ट, मेडिकल सायन्स लायझन (कंपनी आणि डॉक्टर यांतला वैज्ञानिक दुवा), डेटा सायन्स, औषध कंपन्यांचे आर अँड डी या वाटांवर पीएचडीला खरा भाव आहे. यांपैकी मेडिकल रायटिंगमध्ये निवडीसाठी अनेकदा लेखनाची चाचणी घेतात. त्यासाठी स्वतःच्या विषयाबाहेरचा एक पेपर घेऊन त्याचा एका पानाचा सारांश सामान्य डॉक्टरला कळेल असा लिहून पाहावा. हे जमत नसेल किंवा आवडत नसेल, तर ती वाट आपली नाही हे नोकरी घेण्याआधीच कळते.

मुलाखतीत ‘तुम्ही संशोधन का सोडता?’ हा प्रश्न येणारच. ‘प्राध्यापकीत जागा निघत नाहीत’ हे उत्तर खरे असले तरी ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते, की जागा निघाली की हा माणूस जाईल. त्या कंपनीचे कोणते काम आपल्याला करायचे आहे, ते नाव घेऊन सांगावे.

पेटंट, आणि घाईचे प्रकाशन

निष्कर्ष चांगला आला की परिषदेत पोस्टर लावण्याची घाई होते. भारतीय पेटंट कायद्यात, मोजक्या प्रसंगी १२ महिन्यांची सवलत असली तरी, अर्जाआधी जाहीर केलेल्या गोष्टीचे नावीन्य संपते हाच मूळ नियम आहे, आणि अनेक देशांत तेवढीही सवलत मिळत नाही. पोस्टर पाठवण्याआधी संस्थेच्या तंत्रज्ञान हस्तांतरण कक्षाला एक ईमेल करणे एवढेच इथे पुरते. ज्यांना हा विषय आवडतो त्यांच्यासाठी पेटंट एजंटची परीक्षा हा स्वतंत्र व्यवसायाचा मार्ग आहे. विज्ञानाची पदवी त्यासाठी चालते आणि पेटंट कार्यालय मुंबईत ॲन्टॉप हिलला आहे. स्वतःची कंपनी काढू पाहणाऱ्यांनी बायरॅक या जैवतंत्रज्ञान उद्योगाला मदत करणाऱ्या सरकारी संस्थेचे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट पाहावे. त्यात १८ महिन्यांसाठी ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते.

याउलट, पैसे भरून आठवड्यात पेपर छापणाऱ्या नियतकालिकांना बळी पडणारेही आहेत. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५मध्ये बंद झाल्यापासून नियतकालिक तपासण्याची जबाबदारी संस्थेवर आणि संशोधकावर आली आहे. आपण स्वतः गेल्या वर्षात ज्या नियतकालिकातला एकही पेपर वाचलेला नाही, तिथे आपला पेपर पाठवू नये.

एकाच माणसावर सगळे अवलंबून ठेवणे

पोस्टडॉकचा पगार, विषय, पेपरमधले स्थान आणि शिफारसपत्र हे सगळे बहुधा एकाच पीआयच्या, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाच्या, हाती असते. नाते चांगले असेपर्यंत हे जाणवत नाही. पीआयची बदली झाली, ग्रँट संपली किंवा मतभेद झाले, की एकदम सगळेच थांबते. म्हणून किमान दोन आणखी वरिष्ठांना आपले काम प्रत्यक्ष माहीत असावे: एखादा सहलेखक, विभागातले दुसरे प्राध्यापक, परिषदेत ओळख झालेले शास्त्रज्ञ. वर्षातून दोनदा त्यांना कामाची चार ओळींची माहिती पाठवावी, म्हणजे शिफारसपत्र मागताना ‘मी कोण’ हे सांगावे लागत नाही.

लेखकांचा क्रम प्रयोग सुरू होतानाच बोलून घ्यावा आणि त्या बोलण्याची नोंद ईमेलने पाठवावी. ‘सर, काल ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात केलेला साधा ईमेल पुरतो. त्यात अविश्वास नाही. वाद आधीच झाला असेल, तर कोणी कल्पना मांडली, कोणी प्रयोग केले, कोणी विश्लेषण आणि लेखन केले याची लेखकांचे योगदान नोंदवण्याच्या क्रेडिट (CRediT) पद्धतीच्या १४ भूमिकांनुसार यादी करावी आणि ती घेऊन बोलायला बसावे. भूमिकांवर बोलणे सुरू झाले की आवाज खाली येतात.

पुढे कोणता विषय आपला राहील, हेही पीआयला स्पष्ट विचारायला हवे. स्वतःची प्रयोगशाळा मागताना जुन्याच लॅबचा प्रकल्प पुढे नेणारा अर्ज समितीला पटत नाही. करिअरमध्ये खंड पडलेल्या स्त्री संशोधकांसाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची वाइज-किरण आणि जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर योजना आहे. तिथेही प्रकल्प स्वतःच्या नावाने मांडावा लागतो, त्यामुळे हा प्रश्न आधीच सुटलेला असेल तर परतणे सोपे जाते.

सहावे वर्ष लागले असेल तर

आधी निधीची खरी तारीख विचारून लेखी घ्यावी. नंतर अपूर्ण कामातून एकच पेपर निवडावा, जो तीन-चार महिन्यांत पाठवता येईल, आणि बाकीचे काम नावानिशी दुसऱ्याकडे सोपवावे. त्याच काळात आपल्या लॅबमधून उद्योगात गेलेल्या माजी सहकाऱ्यांना भेटावे. नोकरी मागण्याआधी त्यांच्या दिवसाचे काम विचारावे. लॅब सोडताना मूळ डेटाची प्रत नेता येते का, नमुने कोणाकडे राहतील आणि राहिलेल्या पेपरात आपले नाव कुठे असेल, या तीन गोष्टी पीआयच्या ईमेलमध्ये लिहून घ्याव्यात, आणि अनुभवाचे प्रमाणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख आणि पदाचे नेमके नाव यांसह, शेवटच्या दिवसाआधीच हातात घ्यावे.