मस्टँगचं मागचं चाक उड्या मारतंय? काय आधी बदलायचं, काय नंतर

क्लच सोडला, ॲक्सिलरेटर दाबला, आणि गाडी सुसाट निघायच्या ऐवजी मागून धडधडधडधड असा आवाज आला, सगळी गाडी थडथडली, डॅशबोर्डपासून दातांपर्यंत सगळं हललं, तर तो व्हील हॉप. नुसतं चाक जागेवर फिरणं वेगळं, त्यात धूर होतो, टायर जातो, मजा येते. व्हील हॉपमध्ये मजा नाही, त्यात हाफशाफ्ट (मागच्या चाकांना जोर पोचवणारे दांडे) तुटतात.

मी मिशिगनमध्ये राहतो, माझ्याकडे 2016 ची मस्टँग जीटी आहे, मॅन्युअल, त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुख्यतः 2015 ते 2023 च्या मस्टँगबद्दल. या पिढीत फोर्डने मागचा सरळ एक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडणारा) काढून सगळ्याच मॉडेलना इंडिपेंडंट सस्पेन्शन दिलं, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं. वळणावर गाडी एकदम शहाणी झाली पण जोरात सुटताना उड्या मारायची खोड लागली.

हे का होतं ते आधी समजून घ्या, नाहीतर नुसते पार्ट विकत घेत बसाल (मी बसलो). शाळेत गणिताचे सर फळ्यावर तुटक रेघ कशी काढायचे आठवतंय? खडू कलता धरून पुढे ढकलायचा, टर्रर्र आवाज करत आपोआप ठिपके-ठिपके उमटायचे. खडू अडकतो, थोडा ताणला जातो, सुटतो, परत अडकतो. टायरचं अगदी तेच होतं. टायर रस्ता पकडतो, इंजिनचा जोर मागच्या सगळ्या रबर बुशांना (जोडांमध्ये बसवलेल्या रबरी गाद्यांना) पिळतो, ते स्प्रिंगसारखे ताणले जातात, मग पकड सुटते, बुश झटक्यात सरळ होतात, टायर परत पकडतो, आणि हे सेकंदात कितीतरी वेळा. म्हणजे दोष ताकदीचा नाही आणि एकट्या टायरचाही नाही, मधे जे रबर पिळलं जातंय त्याचा आहे. कंपनीने ते रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं कारण शंभरातल्या नव्वद जणांना शांत गाडी हवी असते, आणि त्यात त्यांचं काही चूक नाही.

पैसे खर्च करायच्या आधी

टायर बघा. समर टायर 7 डिग्रीच्या खाली दगडासारखे होतात, आमच्याकडे ऑक्टोबरनंतर हॉप आला तर मी सस्पेन्शनला दोषच देत नाही. टायर पाच-सहा वर्षं जुने असतील तर खाच कितीही शिल्लक असू दे, रबर कडक झालेलं असतं. हवा दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, दोन्ही बाजूला सारखी, आणि चाचणी नेहमी त्याच हवेवर करा. मग गाडीखाली टॉर्च घेऊन जा. शॉकअपमधून तेल गळतंय का, बुशांना चिरा आहेत का, कुठला बोल्ट सैल आहे का. जुन्या गाडीत निम्म्या वेळा इथेच उत्तर सापडतं.

अजून एक फुकटातला उपाय म्हणजे पाय. हॉप सुरू झाला की लगेच ॲक्सिलरेटर सोडायचा, "आत्ता पकडेल" म्हणून दाबून धरायचा नाही, हाफशाफ्ट त्याच दोन सेकंदांत जातो. क्लच एकदम उडवून सोडण्यापेक्षा थोडा घसरवत सोडला तरी बराच फरक पडतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर हे काम आपोआप करतो म्हणून तिथे त्रास कमी. भारतात 2016 ला 65 लाखांना जी मस्टँग आली ती फक्त ऑटोमॅटिकच होती, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या मालकांनी यातलं किती करायचं ते आधी गाडी चालवून ठरवा, उगाच घाई नको.

पहिलं काम: सबफ्रेम

मागचं सगळं सस्पेन्शन आणि डिफरन्शियल (इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) एका लोखंडी सांगाड्यावर बसलेलं असतं, ती सबफ्रेम, आणि ही सबफ्रेम बॉडीला चार मोठ्या रबर बुशांमधून लटकलेली असते. जोरात सुटलात की अख्खी सबफ्रेम पिळली जाते. सगळ्यात मोठी स्प्रिंग हीच, म्हणून सुरुवात इथून. बुश पूर्ण काढायची गरज नाही, बुशाला खालून आधार देणारे ब्रॅकेट मिळतात, स्टीडा आणि बीएमआर या दोन्ही पार्ट कंपन्यांचे आहेत, आणि बोल्टच्या भोवतीची पोकळी भरून सबफ्रेम बरोबर मध्यावर बसवणाऱ्या अलाइनमेंट बाह्याही मिळतात. दोन्ही मिळून घरच्या गॅरेजमध्ये एका शनिवारचं काम आहे.

करायचं असं. गाडी सपाट जागेवर, पुढच्या चाकांना गुटके, मागून वर उचलून जॅक स्टँड बॉडीच्या जॅक पॉइंटखाली लावा, सबफ्रेमखाली अजिबात नाही, कारण तुम्ही तीच सैल करणार आहात. हे वाक्य परत एकदा वाचा. मग दुसरा जॅक, वर लाकडाचा तुकडा ठेवून, सबफ्रेमखाली नुसता टेकवा. आता एका वेळी एकच बोल्ट काढायचा, त्याची बाही आणि ब्रॅकेट बसवायचं, बोल्ट हाताने परत लावायचा आणि मगच पुढच्या कोपऱ्याकडे जायचं. चारही एकदम काढलेत तर सबफ्रेम खाली येईल आणि ब्रेकचे पाइप आणि सेन्सरच्या वायरी ताणल्या जातील. हात जायला जागा कमी पडली तर एक्झॉस्टचे रबर हँगर सोडवून पाइप थोडा खाली घ्या, पण तो लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. चारही कोपरे बसले की वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने घट्ट करा, अंदाजाने नाही.

इथे थांबा आणि गाडी चालवा. खरंच थांबा. रस्त्यावरच्या साध्या टायरवर बऱ्याच जणांचं काम इथेच भागतं, आणि आवाजही फारसा वाढत नाही.

दुसरं: डिफरन्शियलचे बुश

डिफरन्शियल सबफ्रेमला परत वेगळ्या रबर बुशांनी धरलेलं असतं आणि जोर आला की त्याचं नाक वर उचलायला बघतं. इथे दोन रस्ते आहेत. रबर तसंच ठेवून त्याच्या पोकळीत बसणारे इन्सर्ट घालायचे, किंवा रबर काढून सरळ ॲल्युमिनियमचे बुश दाबायचे. मी हौसेने ॲल्युमिनियमचे घातले. हॉप कमी झाला हे खरं, पण हायवेला लागलो की गिअरचा जो बारीक किंचाळल्यासारखा आवाज सुरू होतो, बायको म्हणाली "मागे कुणी मिक्सर लावलाय का?" रोजची गाडी असेल तर इन्सर्ट घाला, ॲल्युमिनियम ड्रॅग स्ट्रिपवरच्या (सरळ शर्यतीच्या पट्टीवरच्या) गाडीसाठी सोडा.

तिसरं: लिंका

मागच्या हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) खालच्या आर्मशी जोडणारी एक छोटी उभी लिंक असते, हब पुढे-मागे कलू नये हे तिचं काम. तिच्या दोन्ही टोकांना रबर आहे. त्याजागी बेअरिंगची लिंक घातली की एका अर्ध्या तासाच्या कामात पकड एकदम घट्ट वाटते, माझ्या मते पैशाच्या मानाने हा दुसऱ्या नंबरचा उपाय, डिफरन्शियलच्या आधी केलात तरी चालेल. त्यानंतर टो लिंक, म्हणजे चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलेलं आहे (टो) ते ठरवणारी. ती काढण्याआधी जुन्या लिंकची लांबी मध्यापासून मध्यापर्यंत मोजा आणि नवी तेवढीच ठेवा, आणि तरीही नंतर अलाइनमेंट करून घ्या. मागचा टो चुकला तर गाडी सरळ रस्त्यावरही बेभरवशाची होते.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: ज्या जोडात अजून रबर बुश आहे त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला असताना घट्ट करायचा. चाक हवेत लटकत असताना आवळलात तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बेअरिंगवाल्या जोडाला ही अट नाही.

शेवटी शॉकअप आणि स्प्रिंगा

हे शेवटी का, तर मी हे पहिलं केलं होतं. गाडी इंचभर खाली आणली, दिसायला झकास झाली, आणि हॉप जसाच्या तसा! शॉकअप उडी लवकर विझवतो पण उडी जिथून सुरू होते ते रबर तो धरत नाही. गाडी लाखभर मैल चाललेली असेल तर मात्र शॉकअप बदला, मेलेल्या शॉकअपवर बाकी सगळं वाया जातं. आणि ड्रॅग टायर घालायचे असतील तर वरचं सगळं झाल्यावरच घाला. चिकट टायर, मऊ बुश आणि मॅन्युअल क्लच, हे तिन्ही एकत्र आले की हाफशाफ्ट मोडायला दुसरं काही लागत नाही.

सरळ एक्सलवाल्यांसाठी थोडक्यात

2005 ते 2014 च्या मस्टँगमध्ये खालचे कंट्रोल आर्म बदला, आणि गाडी खाली केली असेल तर त्यांची मागची टोकं खाली आणणारे ब्रॅकेट लावा, बहुतेक काम तिथेच होतं. पाटे असलेल्या जुन्या गाड्यांत एक्सल फिरायला बघतो आणि पाटा इंग्रजी एस सारखा वाकतो. 1967 च्या कमॅरोत तर दर बाजूला एकच पाटा होता, आणि 1968 ला शेवरोलेने मागचा एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे बसवला, तो याच दुखण्यावर उपाय म्हणून. तिथे ट्रॅक्शन बार (एक्सलला फिरू न देणारे दांडे) लावा.

चाचणी

रस्त्यावर नाही, ड्रॅग स्ट्रिपवर. टायर गरम, हवा तीच, आरपीएम तोच, आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. मित्राला मागून फोन खाली धरून व्हिडिओ काढायला सांगा. शंभर मैलांनी सगळे बोल्ट परत तपासा. आणि सुटून झाल्यावर मागे चालत जाऊन डांबरावरचे काळे पट्टे बघा. ठिपके-ठिपके असतील तर कुठलं तरी रबर अजून पिळतंय, सलग काळी रेघ असेल तर पाने आवरून ठेवा.