व्हीलॅन वेगळं केलं, तरी आवाज तुटतोच?

पुण्यात नेटवर्किंगच्या पहिल्या नोकरीत ऑफिसचे आयपी फोन (नेटवर्कवरून चालणारे फोन) नीट चालवायचं काम हमखास गळ्यात पडतं. बाणेरला किंवा कर्वे रोडला वीस-पंचवीस माणसांचं ऑफिस, टेबलावर आयपी फोन, फोनच्या पाठीतून कॉम्प्युटरला गेलेली वायर, आणि साहेबांची तक्रार: "मला नीट ऐकू येतं, पण समोरच्याला माझा आवाज तुटक जातो."

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्कं. कॉम्प्युटरचं डेटा व्हीलॅन 10 अनटॅग्ड (पॅकेटवर नंबर नसलेलं), फोनचं व्हॉइस व्हीलॅन 20 टॅग्ड (नंबर लावलेलं), फोनला त्याचं व्हीलॅन सांगणारं एलएलडीपी-मेड चालू, 20 साठी वेगळा डीएचसीपी स्कोप (आयपी पत्त्यांचा साठा). एवढं क्लासमध्ये झालेलं असतं. दोन स्विचमधल्या ट्रंकवर (अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर) व्हीलॅन 20 ला परवानगी आहे ना, तेवढं बघा. नसेल तर फोन आयपीची वाट बघत बसतो. टेबलाखालचा तापकीर गल्लीतून आणलेला पाच पोर्टचा साधा स्विच मात्र आधी काढाच. त्याच्या पलीकडच्या फोनला व्हॉइस व्हीलॅन कळेल याची खात्री नसते.

आता खरी मेख. व्हीलॅनने ऑफिसच्या आत फोन आणि कॉम्प्युटर वेगळे होतात, बाहेर जाणारी लाइन दोघांची एकच राहते. जी.711 या पद्धतीने आवाज डेटात बदलणारा कॉल म्हणजे दर 20 मिलिसेकंदाला एक पॅकेट, इथरनेट हेडर धरून एका दिशेला साधारण 87 केबीपीएस. दहा कॉल चालू असले तरी एक एमबीपीएस भरत नाही. म्हणून "लाइन वाढवून घ्या" हा सीनियर मंडळींचा लाडका सल्ला ऐकला, तर बिल वाढतं आणि तक्रार तशीच राहते.

समजा अपलोड 20 एमबीपीएस आहे आणि कोणी ड्राइव्हवर मोठी फाइल चढवतोय. राउटरचं वॅन (बाहेरच्या लाइनचं) पोर्ट एक गिगाबिटचं. त्याच्या लेखी गर्दी नाहीच, त्यामुळे तुम्ही लावलेली प्रायॉरिटी (आवाजाची पॅकेटं आधी सोडायचा नियम) नुसती बसून राहते. रांग लागते पुढे, प्रोव्हायडरच्या फायबरच्या डब्यात, आणि तिथे तुमचं काही चालत नाही. त्यात 1 एमबी साचलं की बाहेर पडायला 400 मिलिसेकंद लागतात. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस एका दिशेला 150 मिलिसेकंदांच्या आत. साहेबांना नीट ऐकू येतं ते यामुळेच: डाउनलोड मोकळं, अपलोड तुंबलेलं.

उपाय दोन-चार ओळींचा आहे, घाबरू नका. राउटरवर बाहेर जाणारा वेग मुद्दाम 18 एमबीपीएसवर बांधा. मग रांग राउटरमध्येच लागते आणि ईएफ मार्किंगची, म्हणजे 'आधी सोडा' असा शिक्का असलेली आवाजाची पॅकेटं आधी सुटतात. आकडा प्लॅनवरचा धरू नका. इतर अपलोड बंद ठेवून वेगवेगळ्या वेळी मोजा आणि सगळ्यात कमी आलेल्याच्या 90 टक्के घ्या. आणि त्यासाठी शेपिंगच लावा, म्हणजे जादा पॅकेटं रांगेत थांबवणारी मर्यादा. पोलिसिंग रांग लावत नाही, जादा पॅकेटं सरळ टाकून देतं.

मार्किंगमध्येही एक खाच आहे. टॉस म्हणजे पॅकेटवरचा शिक्क्याचा अख्खा बाइट, डीएससीपी म्हणजे त्यातले पहिले सहा बिट. ईएफसाठी फोनच्या वेबपेजवर रकाना डीएससीपीचा असेल तर 46, टॉसचा असेल तर 184. टॉसच्या रकान्यात 46 टाकलं तर डीएससीपी 11 होतो आणि कॉल साध्या रांगेत जातो. एरर कुठेच दिसत नाही.

राउटरमधलं सिप एएलजी (कॉल जोडणाऱ्या मेसेजमध्ये फेरफार करणारी सोय) बंद करा, आणि मग मोठी फाइल अपलोडला लावून कॉल करा. प्रायॉरिटी रांगेचा काउंटर हलला पाहिजे. शून्यावरच राहिला, तर राउटरकडे जाणारं स्विचपोर्ट मिरर करून (त्यावरच्या पॅकेटांची नक्कल आपल्या कॉम्प्युटरकडे वळवून) वायरशार्क या पॅकेट तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये आरटीपी (आवाजाचं) पॅकेट उघडा. डीएससीपी 0 दिसला आणि फोनचं सेटिंग बरोबर असेल, तर स्विच मार्किंग पुसतोय. फोनच्या पोर्टवर ट्रस्ट लावा, म्हणजे स्विच फोनचं मार्किंग तसंच ठेवेल.