कॉफीची तोडणी तोंडावर आलीये, थेट रोस्टरला माल द्यायचा असेल तर आत्ताच हे करून घ्या

नवरात्र उलटलं की अरेबिका जातीच्या कॉफीच्या झाडांवर एकेक फळ रंग धरायला लागतं, मुख्य तोडणी नोव्हेंबर ते जानेवारी, उंचीप्रमाणे थोडी पुढेमागे, आणि रोबस्टा ही दुसरी जात त्याच्यामागून. चिखलदऱ्याच्या छोट्या बागा असोत की तिकडे चिकमगळूर-कोडगूत कॉफी करणारी आपली मंडळी असोत, सगळ्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते, पुण्या-मुंबईच्या रोस्टरला, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्याला, माल थेट देता येईल का. येईल, नक्की येईल, पण फेब्रुवारीत गोण्या शिवून झाल्यावर फोन फिरवायला लागलात तर काही होणार नाही, कारण रोस्टर जे जादा पैसे देतो ते वेगळ्या ठेवलेल्या लॉटचे (एकत्र तोडून, इतरांत न मिसळता तयार केलेल्या मालाचे) देतो आणि त्या लॉटचं काय काय केलं हे लिहून ठेवलंय त्याचे देतो. एकदा सगळा माल एका ढिगात गेला की मग तो फक्त व्यापाऱ्याचाच माल.

म्हणून पहिलं काम, मजुरी कशी देणार ते ठरवा. किलोवर मजुरी दिली की फांदी ओरबाडली जाणारच, हिरवी, लाल, काळी पडलेली सगळी एकाच टोपलीत, आणि त्यात मजुरांची काही चूक नाही, तुम्ही वजनाचे पैसे देताय तर ते वजनच आणणार. स्पेशालिटीच्या, म्हणजे जादा भावाच्या उत्तम कॉफीच्या, लॉटसाठी रोजावर माणसं घ्या आणि संध्याकाळी टोपली बघून फक्त पिकलेल्या फळावर वर काहीतरी जादा द्या. पिकलेलं फळ बोटांत हलकं दाबलं की बी सटकन बाहेर येते, हे बायकांना एकदा दाखवलं की त्या आपल्यापेक्षा चांगलं ओळखतात. एकाच झाडावर तीन-चार फेऱ्या लागतील, दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानं. सुरुवातीची फ्लाय पिकिंगची (मुख्य तोडणीआधी तुरळक पिकलेली) फळं आणि शेवटची झाडलोट चांगल्या लॉटमध्ये घालू नका, मधल्या फेऱ्यांचाच माल घ्या. पण शेवटी झाडावर आणि खाली एकही फळ ठेवायचं नाही हे मात्र पाळा, बेरी बोरर हा फळ पोखरणारा किडा त्याच फळांत बसून पुढच्या पिकावर येतो. ही कीड आपल्या देशात १९९० मध्ये निलगिरीत गुडलूरकडे सापडली आणि तिथून पसरली.

पहिल्या वर्षी सगळा माल स्पेशालिटी करायला जाऊ नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. पाचवा हिस्सा पुरे. बाकीचा नेहमीच्या बाजारात जाऊ द्या म्हणजे घर चालतं आणि प्रयोग फसला तरी कंबर मोडत नाही.

तोडलेली फळं आधी पाण्यात टाका, वर तरंगतील ती पोकळ किंवा किडकी, ती वेगळी काढा. पल्पिंग, म्हणजे पल्पर यंत्रानं फळाची साल काढणं, त्याच दिवशी, रात्रभर गोणीत फळं ठेवली तर आतल्या आत कुजायला लागतात. पल्परच्या पट्ट्या आधीच तपासून ठेवा, बी कापली गेली तर ती डिफेक्टमध्येच, म्हणजे खराब बियांतच, मोजली जाते. अरेबिकाचं फर्मेंटेशन (बीवरचा बुळबुळीत थर सुटण्यासाठी आंबवणं) साधारण २४ ते ३६ तास, थंडी जास्त असेल तर आणखी वेळ लागतो, म्हणून घड्याळापेक्षा हातानं बघा. मूठभर बी चोळली की बुळबुळीत लागायचं थांबून खडीसारखी खरखर आली पाहिजे, आणि ढिगात काठी खुपसून काढली तर भोक तसंच उभं राहिलं पाहिजे. झालं की लगेच स्वच्छ पाण्यानं धुवा. हे पाणी ओढ्यात सोडू नका, त्यात साखर आणि गर इतका असतो की ओढ्याच्या पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. खड्डा करून त्यात सोडा, साली कंपोस्टला घ्या. रोस्टर बाग बघायला येतो तेव्हा तो झाडांआधी हे पाणी कुठे जातं ते बघतो.

वाळवणात जितका माल बिघडतो तितका दुसरीकडे कुठेच नाही. जमिनीवर नको, जाळीच्या उंच माचाणावर पातळ थर, दिवसातून सतत परतायचं, दुपारच्या कडक उन्हात शेडनेट नाहीतर गोणपाट वर, नाहीतर पार्चमेंट (बीवरचं टरफल, टरफलासकटच्या बीलाही हेच म्हणतात) तडकतं. रात्री दवासाठी झाकायचं, आणि हे एक दिवस चुकलं तरी कपात कळतं. पार्चमेंट १० टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर आलं की थांबा. दातानं चावून अंदाज घेणारे जुने लोक खूप आहेत पण रोस्टर मीटरचा आकडा मागतो, तेव्हा चार-पाच जणांत मिळून एक मॉइश्चर मीटर घ्या. साठवताना गोणीच्या आत हवाबंद लायनर, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून लांब आणि खताच्या, औषधाच्या खोलीत तर अजिबात नाही, कॉफी वास पटकन ओढते.

आता वही. प्रत्येक लॉटला नंबर द्या आणि एक पान द्या, कुठला तुकडा, कुठलं वाण (एस ७९५ आहे, चंद्रगिरी आहे, की मिसळ आहे ते खरं लिहा), तोडणीची तारीख, किती किलो फळ, फर्मेंटेशन कधी सुरू कधी संपलं, वाळायला किती दिवस, शेवटचा ओलावा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नाशिक-सांगलीच्या द्राक्षवाल्यांना हे नवीन नाही, २००६ च्या सुमारास अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं ग्रेपनेट, म्हणजे द्राक्षाच्या प्लॉटची ऑनलाइन नोंद, आलं तेव्हापासून ते प्लॉटची नोंदणी करूनच युरोपात माल पाठवतात. कॉफीलाही तेच येतंय. युरोपियन युनियनचा जंगलतोडीचा कायदा आहे, ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून लावलेल्या जमिनीची कॉफी तिथे चालणार नाही आणि प्रत्येक तुकड्याचं लोकेशन द्यावं लागेल, ४ हेक्टरच्या आतल्या तुकड्याला एका बिंदूचं चालतं. अंमलाची तारीख पुढे ढकलली गेलीये पण कायदा गेलेला नाही. तुमचा रोस्टर पुण्यातला असला तरी सातबारा आणि लोकेशन एका ठिकाणी लावून ठेवा, मेळघाटात तर वाघाच्या जंगलाला लागून शेती आहे, तिथे पहिला प्रश्न हाच येणार.

भावाचं जरा नीट बोलूया कारण इथे भले भले फसतात. व्यापारी ५० किलो पार्चमेंटच्या गोणीचा भाव बोलतो आणि रोस्टर किलोभर ग्रीन बीनचा, म्हणजे टरफल काढलेल्या, न भाजलेल्या बीचा. ५० किलो पार्चमेंटमधून साधारण ४० किलो ग्रीन निघते. समजा व्यापारी गोणीला २५,००० देतोय, म्हणजे ग्रीनचे किलोला ६२५ पडले. रोस्टर ७२० म्हणाला की वाटतं चांगलं झालं, पण त्याला निवडून, ग्रेडिंग करून दिल्यावर समजा ३२ किलोच गेली आणि उरलेली ८ किलो ३५० नं विकली, तर हातात २५,८४०. गोणीमागे ८४० रुपये जास्त, त्यातून हलिंग (टरफल काढणं), निवडणाऱ्या बायकांचा रोज आणि ट्रान्सपोर्ट गेलं तर उलट तोटा. तेच ८५० चा भाव मिळाला तर ३०,००० होतात, मग काहीतरी अर्थ आहे. हा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा आणि मगच रोस्टरशी बोला, आणि उरलेला माल कोण घेणार हेही त्याच वेळी विचारा.

शेतकरी आणि रोस्टरच्या अशा थेट व्यवहाराला डायरेक्ट ट्रेड म्हणतात, पण या नावामागे कुठला कायदा किंवा शिक्का नाही. २००० नंतर अमेरिकेतल्या काही रोस्टरांनी ही पद्धत रूढ केली आणि प्रत्येक जण आपापल्या परीनं ती चालवतो. त्यामुळे कागदावर घ्या: भाव कशावर, पार्चमेंटवर की ग्रीनवर, ओलावा कुठे मोजणार, पैसे कधी, ट्रान्सपोर्ट कोणाकडे, माल नापास झाला तर परतीचा खर्च कोणाचा. निदान थोडा अॅडव्हान्स तोडणीआधी मागा, रोजाचे पैसे तेव्हाच लागतात. आणि फिक्स भाव ठरवताना विचार करा, फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती, अशा वेळी आधी ठरलेला भाव शेतकऱ्याला टोचतो आणि बाजार पडला की तोच रोस्टरला टोचतो. माझं मत विचाराल तर खाली एक किमान भाव बांधा आणि त्याच्यावर बाजाराप्रमाणे वाढ, दोघांनाही झोप लागते.

एकट्याच्या एकरभर बागेतून हे सगळं जमणं कठीण आहे हे खरंय, म्हणूनच अराकू बघा. आंध्रातले आदिवासी शेतकरी, एकेकाची एक-दोन एकर बाग, पण फळ पिकलेलंच घ्यायचं आणि पल्पिंग एका ठिकाणी करायचं या शिस्तीवर २०१७ मध्ये पॅरिसमध्ये त्यांच्या कॉफीचं दुकान उघडलं आणि २०१९ मध्ये अराकू व्हॅली अरेबिकाला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. चिखलदऱ्याच्या आसपासच्या गावांनी एक पल्पर आणि एक माचाण मिळून केलं तर सुरुवात होते. सर्टिफिकेट नसताना पाकिटावर ऑरगॅनिक लिहू नका, झाडबागेला त्यासाठी तीन वर्षांचा बदलाचा काळ लागतो. सावलीत वाढलेली, अमुक झाडांखालची असं लिहा, ते खरं असतं आणि पुरतं. सावली राखली तर पांढरा खोडकिडाही कमी येतो, त्याला उन्हातली अरेबिका आवडते. किडा लागलेली झाडं फेब्रुवारीपर्यंत उपटून जाळा, एप्रिल-मेमध्ये भुंगेरे बाहेर पडतात.

सॅम्पलची घाई करू नका. वाळलेलं पार्चमेंट महिनाभर तरी मुरू द्या, लागेल तेवढंच हल करा, बाकी पार्चमेंटमध्येच राहू दे. तपासणीला ३५० ग्रॅम ग्रीन लागते, तुम्ही अर्धा किलो पाठवा आणि त्याच लॉटचं तेवढंच सीलबंद करून घरी ठेवा, पुढे वाद झाला तर तेच कामाला येतं. जे पाठवलं तेच गोणीत भरायचं, हातानं निवडून सुंदर केलेलं सॅम्पल पाठवलं की पहिल्याच डिलिव्हरीला संबंध तुटतो. १०० पैकी ८० किंवा त्याच्या वर गुण आले तर स्पेशालिटी. नाही आले तरी गुणपत्रक आणि चवीचा शेरा लेखी मागा, कॉफी बोर्डाकडेही कपिंग (चवीची तपासणी) करून मिळतं. कच्च्या गवतासारखी चव म्हटली तर हिरवी फळं गेलीत, आंबूस-कुजकट म्हटली तर फळं पडून राहिली किंवा फर्मेंटेशन लांबलं, मातकट किंवा बुरशीट म्हटली तर वाळवण नाहीतर गोडाऊन. त्या लॉटचं पान काढा आणि शेरा तिथेच तारखेसकट लिहून ठेवा, पुढच्या तोडणीच्या आधी मजुरांना आणि पल्परवाल्याला तेच वाचून दाखवायचंय.