शब्दशिडी अडली की खालून चढा

शब्दशिडीत एका शब्दापासून दुसऱ्या शब्दापर्यंत पोहोचायचं असतं: एका वेळी एकच अक्षर बदलायचं आणि प्रत्येक पायरीवर खरा शब्द हवा. 'ॲलिस इन वंडरलँड'चे लेखक लुईस कॅरल यांनी १८७७च्या नाताळात हा खेळ इंग्रजीत रचला. मराठीत खेळताना आधी एक नियम ठरवून घ्या: काना-मात्रा, वेलांटीसकट पूर्ण अक्षर म्हणजे एक घर. जोडाक्षरही एकच घर. हे ठरलं नाही तर अर्धा वेळ वादातच जातो.

आता 'तिजोरी'पासून 'तुतारी'पर्यंत जाऊ. शेवटचं 'री' सारखंच आहे, त्याला हात लावू नका. उरली दोन अक्षरं. पण 'तुजोरी' शब्द नाही, 'तितारी'ही नाही. सरळ वाट बंद! बहुतेक जण इथेच सोडून देतात.

अशा वेळी दोन्ही टोकांकडून या. वरून: तिजोरी, तिसरी, दुसरी. खालून: तुतारी, सुतारी (सुतारी कामातली), सुपारी. मध्ये राहिले 'दुसरी' आणि 'सुपारी'. त्यांना जोडणारा शब्द? दुपारी! सहा बदलांत शिडी पूर्ण.

'दु' आणि 'सु' दोन्ही टोकांत कुठेच नाहीत, तरी त्यांच्याशिवाय ही वाट सापडली नसती. म्हणून प्रत्येक पायरी उत्तराच्या जवळ नेणारी असावी असा हट्ट धरू नका. ज्या शब्दाला जास्त शेजारी (एकच अक्षर बदलून होणारे शब्द) आहेत, तिकडे आधी वळा. मुलांसोबत खेळताना दोन अक्षरी शब्दांनी सुरुवात करा: घर, वर, वन. अशा शिड्या भराभर सुटतात आणि मुलांना गोडी लागते.